नॅशनॅलिटी पंधरा दिवसांत, नागरिकत्व किती दिवसांत?

जून लागला की हिंगोलीतल्या सेतू केंद्रांपुढे आईबापांची रांग लागते. "पोराची नॅशनॅलिटी काढायची होती," असं म्हणत एकेक जण पिशवीतून टीसी, रेशनकार्ड, झेरॉक्सचा गठ्ठा काढतो. मराठवाड्यात या कागदाचं नावच नॅशनॅलिटी. त्यावर छापलेलं नाव मात्र 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र'. ते तहसीलमधून मिळतं, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार त्याची मुदत १५ दिवस. ज्याचं राष्ट्रीयत्व आधीच भारतीय आहे, त्याचं तेवढं लिहून देणारा हा दाखला. नसलेलं नागरिकत्व तो देत नाही.

पण नाव कानात बसलेलं असतं. मग पाकिस्तानातून आलेल्या एखाद्या हिंदू कुटुंबाची बातमी वाचली की चहाच्या टपरीवर प्रश्न येतोच: दहा-बारा वर्षं झाली, यांचं अजून झालं कसं नाही? सरकारने मनावर घेतलं तर महिन्याभरात होईल की! गल्लत इथूनच सुरू होते.

पहिली गोष्ट, अमेरिकेच्या ग्रीन कार्डासारखा 'कायमच्या वास्तव्याचा' परवाना शरणार्थ्याला देण्याची सोय आपल्याकडे नाही. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, आणि आश्रय देण्याचा स्वतंत्र कायदाही आपण केलेला नाही. आलेल्या माणसापुढे दोनच पायऱ्या असतात: आधी दीर्घ मुदतीचा व्हिसा, ज्याला ही मंडळी 'एलटीव्ही' म्हणतात, आणि मग थेट नागरिकत्व. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा या लोकांच्या वस्त्यांमध्ये धडकी भरली होती. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना दिलेले एलटीव्ही कायम राहतील, असा खुलासा सरकारला करावा लागला.

मग वेळ किती लागतो? या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळत नाही, कारण इथे घड्याळं दोन आहेत. एक कायद्याचं: अर्ज करण्याआधी भारतात किती वर्षं राहिलेलं असायला हवं. दुसरं कचेरीचं: अर्ज आत गेल्यापासून दाखला हातात येईपर्यंत. पहिलं बोटांवर मोजता येतं, दुसऱ्याचा फक्त अंदाज. लोक दोन्हींची बेरीज करून एकच आकडा सांगतात आणि तो दुसऱ्याला लावतात. त्याचं सात वर्षांत झालं, तुमचंही होईल. त्याचं कलम कोणतं होतं, हे कुणी विचारत नाही.

कायद्याचं घड्याळ बघा. नागरिकत्व कायदा १९५५ चा. भारतीय वंशाच्या माणसाला, म्हणजे ज्याचे आईबाप अखंड हिंदुस्थानात जन्मले वगैरे, कलम ५ खाली नोंदणीसाठी सात वर्षांचं वास्तव्य लागतं. भारतीयाशी लग्न केलेल्यालाही सातच. कलम ६ च्या देशीयकरणाचा हिशेब लांबतो: अर्जाआधीचे सलग १२ महिने आणि त्यामागच्या चौदा वर्षांत मिळून ११ वर्षं. २०१९ च्या दुरुस्तीने, ज्याला सगळे सीएए म्हणतात, अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिश्चन लोकांसाठी या ११ ची ५ वर्षं केली. अट अशी, की ते ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेले असावेत.

म्हणजे या अटीत बसणारा माणूस इथेच राहिला असेल, तर कायद्याचं घड्याळ त्याच्यापुरतं केव्हाच संपलंय. उरलंय ते कचेरीचं. तरी "पाच वर्षं थांबावं लागतं म्हणे" असं सांगणारे भेटतातच.

दुसरा घोळ तारखेचा. १ सप्टेंबर २०२५ ला परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला, त्यासोबतच्या आदेशात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आली, आणि मोबाईलवर फिरलं की सीएएची मुदत दहा वर्षांनी वाढली. तसं काही झालेलं नाही. पासपोर्ट-व्हिसा नाही म्हणून या सहा समाजांच्या लोकांवर कारवाई करू नये, एवढीच ती सवलत. राहू देणं वेगळं, नागरिक करून घेणं वेगळं. २०१४ नंतर आलेल्याला कलम ५ किंवा ६ चा जुनाच रस्ता आहे.

आपल्या आजोबांच्या पिढीला हे सगळं ऐकून नवल वाटलं असतं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत सिंधी कुटुंबं उतरली, तिथे १९४९ मध्ये उल्हासनगर उभं राहिलं. संविधानाच्या कलम ६ ने त्यांच्यासाठी १९ जुलै १९४८ ही तारीख घातली. पाकिस्तानातून त्याआधी येऊन इथेच राहिलेल्या, अखंड हिंदुस्थानात मूळ असलेल्या माणसाला अर्जही नको. त्यानंतर आलेल्याला नोंदणी हवी, पण अर्जाआधी सहा महिन्यांचं वास्तव्य पुरे. गंमत अशी की त्या १९ जुलैला हिंगोली निजामाच्या राज्यात होती. भारतात यायला तिला अजून दोन महिने होते.

आता कचेरीचं घड्याळ. "जिल्हाधिकाऱ्यांना भेटा, ते करतील," हा सल्ला सर्रास मिळतो. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने सात राज्यांतल्या १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना या लोकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले होते, त्यात महाराष्ट्रातले नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे होते. हिंगोलीचं नाव त्यात नव्हतं. नागपूरच्या जरीपटक्यातल्या सिंधी माणसाचा अनुभव हिंगोलीत राहणाऱ्याने स्वतःला लावला की अंदाज तिथेच फसतो. त्या यादीबाहेरच्या जिल्ह्यातली फाईल जिल्ह्यातून राज्याकडे आणि राज्याकडून दिल्लीला जायची.

सीएएचे नियम मात्र ११ मार्च २०२४ ला निघाले, कायद्यानंतर चार वर्षांनी, आणि त्यात फाईलचा रस्ताच बदलला. अर्ज ऑनलाईन. छाननी करणाऱ्या जिल्हा समितीचे प्रमुख जिल्हाधिकारी नाहीत, एसपी नाहीत, तर टपाल खात्याचे अधीक्षक! मनिऑर्डर आणि बचत खात्यांचं खातं नागरिकत्वाची शपथ देतं, हे सांगितलं तर समोरचा आपल्याकडे बघतच राहतो. तिथून प्रकरण राज्याच्या अधिकारप्राप्त समितीकडे जातं, तिचे प्रमुख जनगणना संचालक. या रस्त्याने पहिले १४ दाखले १५ मे २०२४ ला दिल्लीत दिले गेले, नियम निघून दोनच महिने झाले होते. त्या दोन महिन्यांवरून आपलं गणित मांडू नये. पहिली बॅच नेहमी निवडक असते.

अंदाज बांधायचाच तर आधी कागद मोजावेत. दोन गोष्टी दाखवायच्या असतात: आपण त्या तीन देशांपैकी एकाचे आहोत, आणि २०१४ संपण्याआधी इथे आलो. मुदत संपलेला पासपोर्ट चालतो. इथल्या मुक्कामाला जुना व्हिसा, वीजजोडणीचा कागद, शाळेचा दाखला, पोस्टातलं खातं, असं काहीही. अडतं ते बहुधा नावावर. एका कागदावर 'लछमनदास', दुसऱ्यावर 'लक्ष्मण', वडिलांचं नाव तिसऱ्यावर वेगळंच. सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला फेऱ्या मारलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. आणि जिल्हा समितीपुढे शपथेला स्वतः जावं लागतं. पुरेशी संधी देऊनही माणूस आला नाही तर अर्ज नाकारण्यासाठी पुढे पाठवला जातो.

"आधार आहे ना, मग कशाला थांबायचं?" २०१६ पासून पाकिस्तानातल्या अल्पसंख्याक एलटीव्हीधारकांना आधार, पॅन, बँक खातं मिळू शकतं. पण आधार कायद्याचं कलम ९ च सांगतं की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. "लेकरं तरी इथली आहेत," हेही अर्धंच खरं. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेलं मूल आपोआप नागरिक. त्यानंतर आईबापांपैकी एक नागरिक असणं गरजेचं झालं, आणि ३ डिसेंबर २००४ पासून तर दुसराही बेकायदा आलेला नसावा लागतो. एकाच घरात थोरला भारतीय आणि धाकटा परका, असं यातून होऊ शकतं.

परदेशात नातेवाईक असलेली मंडळी इथे अमेरिकेचा दाखला देतात आणि तोही चुकीच्या रांगेतला. भारतीय इंजिनीअर ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं थांबतात, कारण एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा. तिथे आश्रय मंजूर झालेल्याला ती मर्यादा लागत नाही. त्यांच्यासाठी वर्षाला १०,००० ची वेगळी कमाल होती, ती २००५ मध्ये उठली. एक वर्ष राहिलं की अर्ज करता येतो. तिथलं खातं निकालाचा जो कालावधी जाहीर करतं, तो गेल्या सहा महिन्यांत ८० टक्के प्रकरणं जेवढ्यात निघाली तेवढा असतो. पाचातल्या एकाला त्याहून जास्त लागले, हे लोक वाचत नाहीत. कार्ड मिळालं की त्यावरची तारीख मात्र एक वर्ष मागची घातली जाते.

आपल्याकडचा कायदा याहून मागे जातो. सीएएखाली दाखला मिळालेला माणूस त्या दिवसापासून नव्हे, भारतात पाऊल ठेवलं त्या तारखेपासून नागरिक मानला जातो. बेकायदा आला म्हणून खटला चालू असेल तर तोही संपतो. २०१२ मध्ये अटारीवरून आलेल्याला २०२५ मध्ये दाखला मिळाला, तर मधली तेरा वर्षं त्याने परका म्हणून काढली खरी, पण कागदावर तो त्यातला एक दिवसही परका नव्हता.