घरची डिश कारखान्यात नेताना

मालेगाव-भिवंडीकडे घर आणि कारखाना यांत पुष्कळदा एका अंगणाचेच अंतर असते. पुढे बिऱ्हाड, मागे पत्र्याखाली माग आणि त्याला लागून कारागिरांची खोली. घरावर डिश बसली की थोड्याच दिवसांत मागून मागणी येते, "सेठ, एक वायर इकडे पण द्या." मागणी रास्त आहे. उत्तर प्रदेश, बिहारहून आलेला माणूस बारा तासांची पाळी करतो आणि त्याच खोलीत झोपतो. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा तर त्याला दुसरा विरंगुळा नसतो. कारागीर टिकवायचा असेल तर त्याच्या आरामाचा विचार मालकाने केलाच पाहिजे. परंतु वायर ओढण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे जरुरीचे आहे. वायर स्वस्त असते, तिच्यामागून येणारा दंड स्वस्त नसतो.

एका डिशवर दोन टीव्ही

केबलवाला जसा एका वायरीच्या दोन करून देतो, तसे डिशचे करता येत नाही. डिशच्या तोंडाशी जो डबा असतो त्याला एलएनबी म्हणतात. घरातला बॉक्स त्याला कधी 13 तर कधी 18 व्होल्ट पाठवतो आणि त्यावरून कोणत्या बाजूचे चॅनेल द्यायचे हे ठरते. एकाच वायरीवर दोन बॉक्स लावले की एक 13 मागतो, दुसरा 18, आणि कोणाचे तरी चित्र जाते. यासाठी दोन तोंडांची ट्विन एलएनबी बसवावी लागते. प्रत्येक तोंडातून स्वतंत्र वायर, प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र बॉक्स.

काहीजण घरच्या बॉक्समधूनच दुसरी वायर काढून मागे नेतात. त्यात दोन्हीकडे एकच चॅनेल दिसते. घरात मुलांनी कार्टून लावले की कारागिरांनाही कार्टूनच पाहावे लागते.

वायर आरजी-6 जातीची, बाहेरच्या उन्हापावसाला टिकणारी घ्यावी. 30-40 मीटरपर्यंत सहसा अडचण येत नाही; त्यापुढे सिग्नल क्षीण होतो. जोडावर पाणी शिरू देऊ नये. वायर आत घेण्याआधी खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी भिंतीत न जाता खाली टपकते.

सुताच्या कारखान्यात आणखी एक काळजी आहे. तिथे कापसाचे बारीक तंतू हवेत असतात आणि पत्र्यावर, वायरीवर, स्विचवर बसतात. एक ठिणगी पुरते. म्हणून टीव्ही मागांच्या शेडमध्ये नको, खोलीतच असावा. मागांच्या खडखडाटात ऐकू तर काही येतच नाही, उलट नजर पडद्यावर आणि हात धोट्याजवळ, हे अपघाताला आमंत्रण आहे. डिशची वायर विजेच्या वायरीबरोबर बांधू नये. घर व कारखान्याचे अर्थिंग वेगळे असेल तर या वायरीच्या जाळीतून एकीकडचा करंट दुसरीकडे येऊ शकतो. ते काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

मीटर कोणाचा?

टीव्हीला वीज लागते आणि इथे पुष्कळ बंधू बेफिकीर राहतात. घरच्या बोर्डातून एक वायर मागे टाकली की काम झाले, असे त्यांना वाटते. वीज कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे मंजूर कारणाशिवाय इतर कारणासाठी किंवा मंजूर जागेबाहेर वीज वापरणे हा अनधिकृत वापर आहे. त्याची आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर केव्हापासून सुरू झाला हे ठरवता आले नाही तर मागच्या बारा महिन्यांची धरली जाते. एका टीव्हीसाठी वर्षभराचा दुप्पट हिशेब अंगावर घेणे हा कोणता व्यापार? खोलीसाठी कोणत्या मीटरवरून वीज घ्यावी, हे वीज कंपनीच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावे.

करार काय म्हणतो?

ट्रायच्या 2017 च्या नियमांत ग्राहक कोणाला म्हणावे हे स्पष्ट आहे. ग्राहकाने जी जागा दाखवली तिथेच सेवा घ्यायची, ती पुढे दुसऱ्याला द्यायची नाही आणि ठरावीक पैसे घेऊन कोणाला दाखवायची नाही. त्या जागेतला प्रत्येक बॉक्स हा एक ग्राहक धरला जातो. तेव्हा करारात घर लिहिले असेल तर कारखान्याच्या खोलीसाठी कंपनीला सांगून, त्या जागेचे नाव घालून बॉक्स घ्यावा. काही ठिकाणी टीव्हीच्या नावाने कारागिरांच्या मजुरीतून दरमहा रक्कम कापली जाते. हे नियमात बसत नाहीच, शिवाय मजुराच्या हक्काला हात लावणे आहे. सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या हुकुमाने होते. सुताच्या सौद्यात जो शब्द आपण पाळतो, तो डिशच्या कागदावर सही करतानाही पाळायला हवा.

सोपा मार्ग

आमच्या मते सर्वांत साफ तोड म्हणजे खोलीवर दूरदर्शनच्या फ्री डिशची वेगळी छत्री बसवणे. ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. तिला महिन्याचे भाडे नाही. छत्री आणि बॉक्स यांचा साधारण 2,000 रुपयांच्या आसपास एकदाच खर्च येतो. बातम्या आहेत, दूरदर्शनच्या क्रीडा वाहिनीवर खेळ आहेत, आणि उत्तर प्रदेश-बिहारच्या माणसाला आपल्या मुलखाची खबर मिळते. घराच्या डिशला हात लावायला नको, अंगणातून वायर नको, करारभंग नको.

छत्री बसवताना एवढे मात्र कारागिरांशी आधीच ठरवून घ्यावे की पाळीच्या वेळेत आणि अजान झाल्यावर टीव्ही बंद राहील. खर्च मालकाने करावा, तो कोणाच्याही मजुरीत धरू नये. दोन हजारांत कारागीर खूश राहतो आणि आपला हिशेबही साफ राहतो. हा सौदा महाग नाही.