रेकॉर्ड निर्माता (रॉक संगीत)

रेकॉर्ड निर्माता म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या काळात संगीतसमूहाला कलात्मक व तांत्रिक मार्गदर्शन करणारी व्यक्ती होय. चित्रपट निर्मात्याप्रमाणे भांडवल पुरवणे हे त्याचे मुख्य काम नसते. मराठी भावगीतांच्या व चित्रपटगीतांच्या परंपरेत संगीतकार, संगीत संयोजक आणि ध्वनिमुद्रक यांच्यात विभागलेली अनेक कामे रॉक संगीतात निर्माता एकहाती सांभाळतो.

कार्य

गीतांची निवड, त्यांची लय व लांबी ठरवणे, वाद्यांची भर घालणे किंवा ती वगळणे, आणि गायक-वादकांच्या अनेक प्रयत्नांतून योग्य तो निवडणे ही निर्मात्याची प्रमुख कामे आहेत. मायक्रोफोन वाद्यापासून किती अंतरावर ठेवला आणि खोलीचा प्रतिध्वनी किती टिपला, यावरही समूहाचा ध्वनी अवलंबून असतो. मुद्रणानंतर ध्वनिमिश्रणात प्रत्येक वाद्याची पातळी ठरते. हे काम पुष्कळदा स्वतंत्र ध्वनिमिश्रकाकडे सोपवले जाते.

उदाहरणे

द बीटल्सचे 'प्लीज प्लीज मी' हे गीत मुळात संथ लयीत होते. निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या सूचनेवरून त्याची लय वाढवण्यात आली. १९६५ साली 'यस्टरडे' या गीतात त्यांनी तंतुवाद्यांचे चतुष्टय वापरले.

मेटॅलिकाच्या १९८८ सालच्या अल्बममध्ये बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. बॉब रॉक यांनी सहनिर्माता या नात्याने घडवलेल्या १९९१ सालच्या अल्बममध्ये वादकांना एकत्र वाजवण्यास लावले गेले. गीते आटोपशीर झाली आणि बेस व ड्रम्स यांना भरदारपणा आला. समूहाला याच अल्बमने सर्वाधिक व्यावसायिक यश दिले, मात्र जुन्या चाहत्यांपैकी काहींना हा बदल रुचला नाही.

भारतातील उदाहरण

मुंबईत १९८४ साली स्थापन झालेला 'रॉक मशीन' हा समूह १९९३ पासून 'इंडस क्रीड' या नावाने ओळखला जाऊ लागला. १९९७ मध्ये तो विसर्जित झाला व २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला. त्याच्या 'इव्हॉल्व्ह' (२०१२) या अल्बमचे ध्वनिमिश्रण टिम पामर यांनी केले. पामर यांनीच पर्ल जॅमच्या 'टेन' (१९९१) या अल्बमचे ध्वनिमिश्रण केले होते. 'टेन'मधील प्रतिध्वनीचा वापर बराच चर्चिला गेला, आणि २००९ मध्ये ब्रेंडन ओब्रायन यांनी त्याच मूळ मुद्रणाचे अधिक कोरडे मिश्रण तयार केले. मुद्रण तेच असूनही केवळ मिश्रणामुळे समूह वेगळा भासू शकतो, हे या दोन आवृत्त्यांच्या तुलनेतून दिसते.

मतभेद

समूहाच्या ध्वनीवर अंतिम अधिकार कोणाचा, हा या क्षेत्रातील जुना वाद आहे. 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' या गीतावर फिल स्पेक्टर यांनी चढवलेला वाद्यवृंद व समूहगान पॉल मॅकार्टनी यांना मान्य नव्हते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या 'लेट इट बी... नेकेड' या अल्बममध्ये ही भर वगळलेली आहे. याउलट, स्टीव्ह अल्बिनी 'निर्माता' हे बिरुद व विक्रीवरील मानधन दोन्ही नाकारत असत. समूह जसा वाजवतो तसाच तो मुद्रित करावा, अशी त्यांची भूमिका होती. तथापि त्यांनी मुद्रित केलेल्या निर्वाणाच्या 'इन युटेरो' (१९९३) या अल्बममधील दोन गीतांचे मिश्रण प्रकाशनापूर्वी स्कॉट लिट यांच्याकडून पुन्हा करून घेण्यात आले.