भौगोलिक माहितीच्या रूपांतरणात यादीरूप नोंदींचे विभाजन : मुंबई उपनगरातील नगर भूमापन क्रमांकांच्या संदर्भात

प्रस्तावना :
भौगोलिक माहिती प्रणालीत नकाशावरील प्रत्येक आकृतीला माहितीचा एक तक्ता जोडलेला असतो. त्या तक्त्यातील रकान्यांना गुणविशेष असे म्हणतात. एका रकान्यात एकच मूल्य असावे, हे तत्त्व ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या संबंधात्मक माहितीसंचाच्या सिद्धांतात अंतर्भूत आहे. प्रत्यक्षात मात्र शासकीय व निमशासकीय कागदपत्रांत एकाच रकान्यात अनेक मूल्ये स्वल्पविराम देऊन लिहिलेली आढळतात. अशा नोंदी एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेताना कोणत्या चुका संभवतात व त्या कशा टाळाव्यात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) उपनगरातील जमीन नोंदींत यादीरूप गुणविशेष का निर्माण होतात हे समजून घेणे.
२) यादीच्या विभाजनातील प्रमुख चुका स्पष्ट करणे.
३) विभाजनाची व पडताळणीची योग्य पद्धत सुचविणे.

यादी का निर्माण होते?
मुंबई उपनगर जिल्हा १९९० साली स्वतंत्र झाला. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तीन तालुके असून घाटकोपर व मुलुंड हे भाग कुर्ला तालुक्यात येतात. येथील जमिनीची ओळख नगर भूमापन क्रमांकाने, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या 'सी.टी.एस. नंबर'ने होते. हा क्रमांक गावनिहाय दिलेला असतो. त्यामुळे एकच क्रमांक एक्सर गावातही असू शकतो आणि मरोळ गावातही. गावाच्या नावाशिवाय तो क्रमांक अपुरा ठरतो.

एका मोठ्या जागेवर पूर्वी चाळी, बैठी घरे व गोठे होते, तेथे मूळ क्रमांकाखाली अनेक पोटक्रमांक पडले. पुढे त्याच जागेवर एक इमारत उभी राहिली, तरी मिळकत पत्रिका निरनिराळ्याच राहिल्या. परिणामी इमारत एक आणि क्रमांक अनेक, अशी स्थिती उद्भवली. उलट एकाच मोठ्या क्रमांकावर अनेक इमारती उभ्या असल्याचेही दिसते.

विभाजनातील चुका :
अंधेरी तालुक्यातील एका भूखंडाची पुढील नोंद उदाहरणादाखल कल्पिली आहे : 'न.भू.क्र. २१०, २१०/१, २, ३, २१२ ते २१४, २१५ पै.' जाणकार व्यक्तीला येथे आठ क्रमांक दिसतात. संगणकाला केवळ स्वल्पविरामावर तोडण्याची आज्ञा दिल्यास सहाच तुकडे मिळतात. त्यांपैकी '२' व '३' हे तुकडे वस्तुतः २१०/२ व २१०/३ आहेत. परंतु सुटे झाल्यावर ते त्याच गावातील दुसऱ्या कोणाच्या तरी जमिनीकडे निर्देश करतात. २१३ हा क्रमांक तर पूर्णपणे नाहीसा होतो. 'पै.' म्हणजे 'पैकी' हा शब्द गळून पडल्यास २१५ चा काही भाग न राहता संपूर्ण जमीन या भूखंडात समाविष्ट होते. तिरकी रेघ येथे विभाजक नसून पोटक्रमांकाची खूण आहे, म्हणून तिच्यावर तोडणेही चुकीचे ठरते.

याखेरीज दोन चुका नकळत घडतात. '१२/५' असा पोटक्रमांक एक्सेलमध्ये भरल्यास त्याची तारीख होऊ शकते. म्हणून तो रकाना आधीच मजकूर स्वरूपाचा करावा लागतो. तसेच शेपफाइल या प्रचलित स्वरूपात मजकुराच्या रकान्याची मर्यादा २५४ बाइट असते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. म्हणजे जेमतेम ८४ चिन्हे मावतात आणि लांब यादीतील शेवटचे क्रमांक गळतात.

विभाजनाच्या तीन पद्धती :
पहिली पद्धत रकाने वाढविण्याची. आठ क्रमांकांसाठी आठ रकाने केले जातात. परंतु एखाद्या भूखंडाला तीस क्रमांक असल्यास ही रचना कोलमडते आणि एक क्रमांक शोधण्यासाठी सर्व रकाने धुंडाळावे लागतात.

दुसरी पद्धत ओळी वाढविण्याची. प्रत्येक क्रमांकासाठी आकृतीची एक प्रत तयार होते. शोध सोपा होतो. मात्र भूखंड २,४०० चौरस मीटरचा असल्यास आठ ओळींची बेरीज १९,२०० चौरस मीटर भरते. क्षेत्रफळावर आधारित कोणताही हिशेब त्यामुळे फसतो.

तिसरी पद्धत स्वतंत्र जोडतक्त्याची. आकृती एकदाच ठेवावी आणि वेगळ्या तक्त्यात भूखंडाचा ओळखक्रमांक, गाव, नगर भूमापन क्रमांक व 'पूर्ण किंवा अंशतः' असे चार रकाने करावेत. इमारती व जमिनी यांचे नाते दोन्ही बाजूंनी अनेकांचे असल्याने उपनगरासाठी हीच पद्धत सर्वाधिक योग्य ठरते. पोस्टजीआयएस, क्यूजीआयएस यांसारख्या मुक्त प्रणालींत यादी उलगडण्याची सोय आहे. परंतु 'ते', 'पै.' व तुटक पोटक्रमांक यांचा अर्थ लावण्याचे नियम माणसालाच ठरवून द्यावे लागतात.

पडताळणी :
मूळ नोंद न पुसता वेगळ्या रकान्यात जपावी. विभाजनानंतर मिळालेले क्रमांक पुन्हा जोडून मूळ यादीशी ताडून पाहावेत. प्रत्येक क्रमांक त्या गावाच्या मिळकत पत्रिकांत अस्तित्वात आहे की नाही हे तपासावे. कारण २१२ ते २१४ यांमधील एखादा क्रमांक पूर्वीच रद्द किंवा एकत्रित झालेला असू शकतो. जे क्रमांक जुळत नाहीत, ते वगळू नयेत. त्यांची वेगळी यादी करून प्रत्यक्ष अभिलेख पाहावा.

सामाजिक महत्त्व :
हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. बृहन्मुंबईच्या विकास आराखड्याचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला मसुदा चुकांच्या तक्रारींमुळे त्याच वर्षी सुधारणेसाठी परत पाठविण्यात आला आणि सुधारित आराखड्याला २०१८ साली मंजुरी मिळाली. त्या सर्व चुका यादीच्या विभाजनातून झाल्या असे म्हणता येणार नाही. तथापि नकाशावरील चूक नागरिकांच्या घरापर्यंत कशी पोहोचते, हे त्यातून दिसून आले. गृहनिर्माण संस्थेला मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करताना जागेच्या सर्व क्रमांकांच्या मिळकत पत्रिका लागतात. एक क्रमांक राहून गेल्यास तेवढी जमीन संस्थेच्या नावावर येत नाही व पुढे पुनर्विकासाच्या वेळी तोच तुकडा अडथळा ठरतो.

निष्कर्ष :
यादीरूप नोंद तोडणे संगणकाला क्षणाचे काम आहे. ती कोठे तोडावी व कोठे तोडू नये हे मात्र जमीन नोंदींच्या भाषेच्या ज्ञानावर अवलंबून असते. म्हणून भूमापनाचे जाणकार व संगणक तंत्रज्ञ यांनी विभाजनाचे नियम रूपांतरणापूर्वी एकत्र बसून ठरविणे आवश्यक आहे. भूगोल विषयाच्या अभ्यासक्रमातही नकाशा रेखाटण्याबरोबर नकाशामागील तक्ता वाचण्याचे शिक्षण दिले जावे.