झाकण उघडल्यावर आधी काय बघायचं?



सेप्टिक टाकीत तिघे दगावले, अशी बातमी येते. तिघे का? आत बहुतेक वेळा एकच उतरलेला असतो. तो कोसळला म्हणून दुसरा धावतो, दुसऱ्याला ओढायला तिसरा.

खालची हवा बरी आहे हे कसं ओळखता, असं आम्ही वस्तीतल्या सफाई कामगारांना विचारतो. कुणी म्हणतं, झुरळं जिवंत दिसली की उतरायचं. कुणी पेटती काडी टाकतं, कुणी वास घेतं. तिन्ही गोष्टी फसव्या. सडक्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, त्याला सडक्या अंड्याचा वास असतो. पण तो वाढला की नाकच बधिर होतं. वास थांबतो, माणसाला वाटतं गॅस गेला, आणि काही श्वासांत तो पडतो. मिथेनला तर वासच नाही; काडी टाकली तर भडका उडेल. आणि माणूस मरेल अशा हवेतही झुरळ तग धरतं.

हवा मोजायचं यंत्र हातात मावेल एवढं असतं. दोरीला बांधून वर, मधे आणि तळाशी सोडायचं. प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली असेल तर उतरायचं नाही. काम चालू असतानाही मोजत राहायचं, कारण गाळ ढवळला की कोंडलेला वायू सुटतो.

एका ठिकाणी आम्ही हे यंत्र बघायला मागितलं. ते कपाटात, खोक्यातून काढलेलंसुद्धा नव्हतं. रजिस्टरमध्ये मात्र रोजची नोंद, खाली कामगाराचा अंगठा! बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. तपासणी ती.

सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे. पहिल्याच वेळी २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. पण ती माणूस गेल्यावर.

म्हणून भगिनींनो, घरातला माणूस कामाला निघताना विचारा: यंत्र आहे का? कमरेला पट्टा-दोर आहे का? वर कोण उभं राहणार? मुकादम 'पाच मिनिटांचं काम' म्हणाला तरी हे विचारायला लावा.

आणि कुणी आत पडलाच, तर मागे उडी घेऊ नका. दोर बांधलेला असेल तर वरून ओढा. नसेल तर १०१ ला अग्निशमन दल आणि १०८ ला रुग्णवाहिका बोलवा, आणि धावून येणाऱ्या भावाला घट्ट धरून ठेवा.