घराची किल्ली कोणाच्या हाती?

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील भोजनगृहात, जेवणाच्या लांबलचक मेजावर, चांदीची एक छोटी आगगाडी आहे. परगावचे पाहुणे आले म्हणजे आपण हौसेने ती दाखवावयास नेतो. महाराज माधवराव शिंदे यांच्या काळातील ही गाडी विजेच्या बळावर रुळांवरून फिरे आणि मद्याच्या सुरया व चिरूट निमंत्रितांपुढे नेऊन पोचवी. कोणी सुरई उचलली की गाडी थांबे. ती परत जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे. या राजेशाही खेळण्यातील खरे चातुर्य त्याच्या थांबण्यात आहे. समोर बसलेल्या माणसाचा हात पुढे आला, की यंत्राने त्याचे ऐकावयाचे!

हल्ली घरोघर येणाऱ्या 'स्मार्ट' उपकरणांकडे पाहताना हाच दंडक मनात ठेवावा, असे वाटते.

लष्करातील आपल्या जुन्या घरांनी यंत्रे काही थोडीथोडकी पाहिलेली नाहीत. रेडिओ आला, शिवणयंत्र आले, गॅसची शेगडी आली. मिक्सर आला तेव्हा 'पाट्यावरच्या चटणीची चव याला कुठली?' म्हणून सासूबाईंनी नाक मुरडले आणि पुढच्याच दिवाळीला भाजणीची चकली झाल्यावर सुनेकडून त्याचे बटण शिकून घेतले. ही सारी यंत्रे एका बाबतीत सारखी होती. ज्याचा हात बटणापर्यंत पोचेल, त्याची आज्ञा ती पाळीत. पाच वर्षांचा नातू आणि ऐंशी वर्षांची आजी यांचा अधिकार तेथे समान होता.

नव्या उपकरणांचे तसे नाही. तेथे अधिकार हाताचा नसून खात्याचा असतो. ज्याच्या भ्रमणध्वनीवर ते खाते उघडले, तो खरा मालक. आणि पुष्कळदा हा मालक पुण्याला, बंगळूरला किंवा सातासमुद्रापलीकडे असतो. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा आठ दिवस येतो, आईवडिलांच्या सुखासाठी पदरचे पैसे खर्चून दिवे, पंखे, कुलूप, कॅमेरा बसवितो आणि निघून जातो. मागे उरतात ती दोन वृद्ध माणसे आणि त्यांचे न ऐकणारे घर.

आज्ञा जाते कोठे?

आपण भ्रमणध्वनीवरून खोलीतील दिवा लावतो, तेव्हा ती आज्ञा पुष्कळ उपकरणांच्या बाबतीत आधी वाय-फायच्या वाटेने घराबाहेर पडते, कंपनीच्या दूरच्या संगणकांपर्यंत जाते आणि तेथून परत आपल्याच खोलीत येते. क्षणार्धात हे घडत असल्यामुळे आपल्या ते ध्यानात येत नाही. ध्यानात येते ते मार्ग तुटल्यावर. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या ॲमेझॉनच्या संगणककेंद्रांत बिघाड झाला आणि देशोदेशींच्या घरांतील अलेक्साचे स्पीकर व दारावरचे कॅमेरे काही तास मुके झाले.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. 'रिव्हॉल्व्ह' नावाचे, घरातील दिवे व कुलुपे एकत्र चालविणारे एक यंत्र अमेरिकेत सुमारे ३०० डॉलरना मिळत असे. ते बनविणारी कंपनी २०१४ साली नेस्ट या कंपनीने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवाच बंद करून टाकली. यंत्रे धडधाकट होती; परंतु त्यांना उत्तर देणारे दूरचे संगणक बंद झाल्याने ती निरुपयोगी ठरली. आजीचे पितळी पातेले तीन पिढ्या कल्हई लावून चालते. या वस्तूंचे आयुष्य मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर असते. म्हणून खरेदीच्या वेळी दुकानदारास एक प्रश्न अवश्य विचारावा : इंटरनेट बंद असता ही वस्तू चालेल काय? ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या 'मॅटर' या सामाईक प्रमाणानुसार बनलेली उपकरणे घरातल्या घरात एकमेकांशी बोलू शकतात व निरनिराळ्या कंपन्यांची असूनही एकत्र नांदतात. निवड करावयाची असेल, तर वेष्टनावर ती खूण पाहावी.

भिंतीवरचे बटण

बहुतेक घरी आरंभ होतो तो स्मार्ट बल्बने, आणि घरातील पहिली कुरबुरही त्यावरूनच. भिंतीवरचे बटण बंद केले की या बल्बची वीजच तुटते आणि मग भ्रमणध्वनीवरून कितीही विनवण्या केल्या तरी तो उजळत नाही. यावर काही घरांतून बटणावर चिकटपट्टी लावून ठेवतात! वर्षानुवर्षे अंधारात नेमका त्या बटणावर पडणारा आईचा हात असा अडविणे बरे नव्हे. त्यापेक्षा बल्ब साधाच ठेवून बटणामागच्या पेटीत स्मार्ट स्विच बसवून घ्यावा. म्हणजे बटणही चालते आणि भ्रमणध्वनीही. मात्र अशा पुष्कळ स्विचांना न्यूट्रल तार लागते आणि जुन्या वाड्यांत ती प्रत्येक पेटीपर्यंत आलेली असतेच असे नाही. जाणत्या वायरमनला आधी दाखवावे.

आपल्याकडे वीज जाण्याचा प्रश्न आहेच. मध्यरात्री गेलेली वीज दोन वाजता परत आली, की अनेक स्मार्ट बल्ब आपोआप पूर्ण तेजाने पेटतात आणि सारे घर दचकून जागे होते. वीज आल्यावर पूर्वस्थितीत राहण्याची सोय बहुधा ॲपमध्ये असते; ती पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. वाय-फायचा राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. उपकरण जोडताना अडचण आली, तर राउटर २.४ गिगाहर्ट्झवर चालू आहे ना ते पाहावे. स्वस्त दिवे व प्लग बहुतांशी ५ गिगाहर्ट्झ ओळखत नाहीत.

गीझरच्या बाबतीत तर हयगय नकोच. २००० वॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. त्यास ६ अँपिअरचा स्मार्ट प्लग लावणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय. तेथे १६ अँपिअरचाच हवा.

सर्वच नवे टाकाऊ आहे, असे मुळीच नाही. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो. नवा बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पंखा दिवसाकाठी पंधरा तास फिरला, तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिटे वाचतात, इन्व्हर्टरही अधिक काळ पुरतो. संधिवाताने जखडलेल्या माणसाला अंथरुणातून न उठता तो कमीजास्त करता येतो, हे सुख वेगळेच. तसेच कोणी चालू लागताच न्हाणीघराच्या वाटेवर आपोआप लागणारा छोटा दिवा. त्याला ना ॲप, ना इंटरनेट. पण वृद्धांचे अंधारातले पडणे टाळण्यास त्याचा मोठा आधार होतो.

बोलक्या स्पीकरचीही एकाकी घराला सोबत होते. अलेक्सा २०१९पासून हिंदी बोलू लागली आणि ग्वाल्हेरात राहणाऱ्या आपणांस हिंदी काही परकी नाही. तरी जिने जन्मभर 'दिवा विझव' हे अशुभ मानून 'दिवा मालव' म्हटले, त्या आजीला 'बत्ती बंद करो' असा हुकूम सोडावा लागतो तेव्हा तिचा स्वर जरा अवघडतोच.

पाहणारा डोळा

कॅमेऱ्याचा विषय नाजूक आहे. मुलाने तो काळजीपोटी बसविलेला असतो, यात शंका नाही. पण 'आई, आज तू दुपारी आडवी झाली नाहीस?' असा दूरध्वनी एकदा आला, की ती माउली स्वतःच्याच माजघरात पदर सावरून वावरू लागते. ज्या घरात तिने चाळीस वर्षे संसार केला, तेथे ती पाहुणी होते. दाराबाहेर कॅमेरा खुशाल असावा. घरात लावावयाचा तर आधी वडीलधाऱ्यांना विचारावे, त्यातून कोण कोण पाहू शकते हे सांगावे आणि तो बंद करण्याचा अधिकार त्यांच्या हाती द्यावा. रोज सकाळी सात वाजता केलेला दूरध्वनी पुष्कळदा अधिक काही सांगून जातो.

हा डोळा परक्यांच्याही हाती जाऊ शकतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे 'मिराई' नावाच्या दुष्ट प्रणालीने काबीज केले आणि त्यांच्याकरवी अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंग या कॅमेरा कंपनीवर, तिच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांची खासगी चित्रणे पाहू दिल्याचा ठपका ठेवला. ५८ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटले. तेव्हा वस्तू घरी येताच पासवर्ड बदलावा आणि निजावयाच्या खोलीत कॅमेरा नकोच.

किल्ल्यांचा जुडगा

आणखी एक गोष्ट बोलावयास कठीण, पण बोललीच पाहिजे. घरातील सर्व उपकरणांचे खाते एकाच्या, बहुधा घरधन्याच्या, भ्रमणध्वनीवर असते. उद्या तो रुग्णालयात असला, किंवा न राहिला, तर त्याच्या पत्नीला स्वतःच्याच दाराचे कुलूप परके व्हावयाचे काय? पूर्वी किल्ल्यांचा जुडगा घरच्या मालकिणीच्या कमरेला असे. त्याच न्यायाने प्रत्येक खात्यात घरातील दुसरी व्यक्ती सहमालक म्हणून नोंदवावी. ॲपचे नाव, खाते व पासवर्ड एका वहीत ठळक अक्षरांत लिहून ती वही दागिन्यांच्या नि कागदपत्रांच्या कपाटात ठेवावी. स्मार्ट कुलपाला लोखंडी किल्ली असेल तरच ते घ्यावे. एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी.

सुट्टीत येणाऱ्या मुलांनी आणि सुनांनी एवढे करावे : बसविण्याचे काम दोन दिवसांत उरकून उरलेले दिवस केवळ बघत बसावे. आईने लावावे, वडिलांनी बंद करावे, अडले तर त्यांनीच वहीत पाहावे. तुमच्या मदतीवाचून जे त्यांना जमले, ते घरात राहू द्यावे. जे जमले नाही, ते खुशाल परत डब्यात घालावे. घर त्यांचे आहे, आणि त्यांचा हात पुढे झाला की दिवा लागला पाहिजे.