मिठीला न पेलणारा वेग

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून निघालेली मोटार पूर्व द्रुतगती महामार्गाला लागते. पुढच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ. आपण घट्ट धरलंय म्हणजे बाळ सुरक्षित आहे, असं तिला मनापासून वाटतं. पण धडकेच्या क्षणी माया कितीही असली, तरी हात पुरे पडत नाहीत.

ताशी ४० किलोमीटर हा तसा साधाच वेग. या वेगातली गाडी आदळून सेकंदाच्या विसाव्या भागात थांबली, तर १० किलोच्या बाळाला थोपवायला सुमारे सव्वादोनशे किलोंचा भार पेलावा लागेल. तो कुणालाच पेलणार नाही. बाळ हातातून सुटेल आणि त्याला बसणारा मार दुसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असेल. आईने एकच पट्टा दोघांभोवती लावला, तर तिच्याच वजनाखाली बाळ चिरडेल.

पुढच्या सीटवर एअरबॅगचाही धोका असतो. मोठ्या माणसाच्या बेताने केलेली ही पिशवी ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने उघडते. डिसेंबर २०२४मध्ये वाशीत पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा अपघातात एअरबॅगच्या तडाख्याने दगावला. म्हणून मुलांची जागा मागेच.

चाइल्ड सीट बाळाला गाडीशी जखडते. गाडीचा पुढचा भाग चेपायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ बाळालाही थांबायला मिळतो. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळपास पाव भाग असतं आणि मान कोवळी असते. त्यामुळे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं. मग धडकेचा जोर पाठ, मान आणि डोकं यांवर एकदम वाटला जातो. १९६०च्या दशकात स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना सुचली, ती अंतराळवीरांच्या आसनांवरून. युरोपातल्या नव्या नियमानुसार बाळ किमान १५ महिन्यांचं होईपर्यंत असंच बसवावं लागतं. सीटच्या मापात बसतंय तोवर पुढेही तसंच बसवलेलं उत्तम.

सीट घेतली तरी चुका होतात. बसवल्यावर ती बुडाशी धरून हलवून पाहा; एका इंचापेक्षा जास्त हलली, तर ती सैल आहे. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला, तर तोही आवळायला हवा. दुपट्यावरून पट्टे कधीच लावू नका. आधी पट्टे, मग वरून दुपटं. मोठं मूल बूस्टरवर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या आसनावर, बसलं की पट्टा गळ्यावरून नाही, खांद्यावरून आणि पोटावरून नाही, मांड्यांच्या वरच्या भागावरून जायला हवा. मोठ्या अपघातातून गेलेली सीट पुन्हा वापरू नये.

२०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम ‘१९४ ब’नुसार, १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीटविना नेणाऱ्या चालकाला एक हजार रुपये दंड आहे. ऑक्टोबर २०२३पासून ‘भारत एनकॅप’ ही वाहन-सुरक्षा चाचणी योजना गाड्यांना मुलांच्या सुरक्षेचे तारे देते, तेही चाइल्ड सीटमध्ये बसवलेल्या बाहुल्यांची चाचणी घेऊन. मांडीवरच्या बाळाला त्या ताऱ्यांचा उपयोग नाही.

बारशाआधी आपण पाळणा आणून ठेवतो. पण बाळाचा पहिला प्रवास त्याही आधी होतो, रुग्णालयातून घरापर्यंतचा. मोटारीने आणणार असाल, तर त्या दिवशी सीट गाडीत बसवलेली असू द्या.