मामाने पाहिलेले काशचे किनारे

माझा मामा बोटीवर खलाशी आहे. मे महिन्याच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा मी त्याला विचारलं, "मामा, तू एवढं जग फिरलास, तर सगळ्यात चांगली पुळण कुठली?" तो म्हणाला, "काशची. पण एक नाही, चार." म्हणून या अंकासाठी मी काशचीच माहिती लिहायची ठरवली. मामाने सांगितलेलं आणि गुरुजींनी नकाशावर दाखवलेलं मिळून हा लेख झाला आहे.

काश हे तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं एक लहान बंदराचं गाव आहे. तुर्की भाषेत काश म्हणजे भुवई. गावासमोर भूमध्य समुद्र आहे. समोरच मेइस नावाचं बेट दिसतं, पण ते ग्रीस देशाचं. मामाची बोट अंताल्या बंदरात दुरुस्तीसाठी थांबली होती. तेव्हा त्याचा काशचा जोडीदार त्याला दोन दिवस आपल्या घरी घेऊन गेला.

मित्रांनो, तिथला समुद्र आपल्यासारखा नाही. आपल्याकडे ओहोटीला पाणी किती लांब जातं! तिथे भरती-ओहोटी जेमतेम हातभर. गुरुजींनी कारण सांगितलं. भूमध्य समुद्र चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला आहे. महासागराला तो जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीने जोडलेला आहे, आणि ती सर्वांत अरुंद जागी फक्त 14 किलोमीटर आहे. एवढ्याशा दारातून भरतीचं पाणी येणार किती? दुसरी गंमत म्हणजे तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. जून-जुलैत आपल्या होड्या पुळणीवर ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा तिथे कडक ऊन आणि पोहणाऱ्यांची गर्दी!

आता किनारे सांगतो.

पहिला किनारा ब्युयुक चाकिल. याचा अर्थ मोठे गोटे. गावापासून चालत जाता येतं. इथे वाळू नाही, सगळे गुळगुळीत गोटे. गोट्यांमधून गोड्या पाण्याचे झरे समुद्रात मिसळतात, म्हणून भर उन्हाळ्यातही पाणी थंडगार असतं. मामा म्हणतो, "पाय टाकला आणि ओरडलोच!"

दुसरा लिमानआझी. हा खाडीच्या पलीकडे आहे. मोटारीचा रस्ता नाही. होडीने जायचं, नाहीतर डोंगराच्या पायवाटेने. तिथे कातळात कोरलेली जुनी थडगी आहेत. ती लिशियन नावाच्या प्राचीन लोकांची. पाणी शांत असल्याने लहान मुलांना पोहायला ही जागा बरी.

तिसरा कापुताश. हा काशपासून साधारण 20 किलोमीटर पश्चिमेला आहे. दोन कड्यांच्या मधल्या घळीच्या तोंडाशी एवढीशी पुळण. रस्ता वर कड्यावर आणि समुद्र खाली. पावणेदोनशेहून जास्त पायऱ्या उतरायच्या. तळ पांढरा आणि पाणी निवळ, म्हणून त्याचा रंग मोरपिशी दिसतो. पण सावलीला झाड नाही, आणि पाणी लगेच खोल होतं. पोहता येत नसेल त्याने काठावरच बसावं.

चौथा पातारा. हा सर्वांत मोठा. बारा किलोमीटरहून लांब अशी नुसती वाळूच वाळू! मी विचारलं, "बाकी ठिकाणी गोटे आणि इथेच वाळू कशी?" काशजवळ डोंगर थेट समुद्रात उतरतात, म्हणून तिथे दगड आणि गोटे. पाताऱ्याजवळ मात्र एशेन नदी समुद्राला मिळते. तिने हजारो वर्षं डोंगरातून गाळ आणि वाळू आणून टाकली. पूर्वी पातारा हे मोठं बंदर होतं. त्याच वाळूने ते बुजलं आणि शहर ओस पडलं. तिथलं दगडी नाट्यगृहसुद्धा वाळूने भरलं होतं, ते नंतर उकरून काढलं. ज्यांच्यावरून नाताळबाबाची गोष्ट निघाली ते संत निकोलस पाताऱ्यातच जन्मले असं मानतात.

एवढी मोठी पुळण, पण तिच्यावर एकही हॉटेल नाही. मला हे खरंच वाटेना. कारण असं की पाताऱ्याला समुद्री कासवं अंडी घालायला येतात. 1990 साली सरकारने हा भाग संरक्षित केला. उन्हाळ्यात अंधार पडल्यावर किनारा माणसांना बंद! घरटी असतात त्या पट्ट्यात छत्रीचा दांडासुद्धा रोवायचा नाही, कारण खाली अंडी असतात. एका घरट्यात साधारण शंभर अंडी. पिल्लं दीड-दोन महिन्यांनी रात्रीची बाहेर पडतात आणि जिकडे उजेड दिसेल तिकडे धावतात. रात्री समुद्राकडचं आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून ती बरोबर पाण्यात जातात. पण किनाऱ्यावर दिवा असला तर ती दिव्याकडे जातात. मग कुत्री आणि कावळे त्यांना खातात, नाहीतर ती उन्हाने मरतात.

मी मामाला विचारलं, "मग हॉटेल नाही तर लोक कमावतात काय?" तो म्हणाला, "अरे, गेलेमिश नावाचं गाव आहे आत. तिथल्या लोकांनी घराच्या खोल्या भाड्याने दिल्या आहेत. पाहुणे गावात राहतात आणि दिवसा पुळणीवर जातात. पुळण राहिली, कासव राहिलं, म्हणून तर पाहुणे येतात."

आपल्याकडेही वेळासला 2002 सालापासून कासवांची घरटी राखतात, हे आपण सहलीला पाहिलंच आहे. आपल्या गावच्या पुळणीवरही दोन वर्षांपूर्वी एक घरटं सापडलं होतं. त्यातली सात पिल्लं सकाळी आमच्या कुंपणाशी मेलेली मिळाली. तेव्हा मला कारण कळलं नव्हतं. हा लेख लिहिताना कळलं.

आमच्या घरी पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. त्यांच्यावर माझ्या वह्या-पुस्तकांचा खर्च चालतो. पाहुण्यांना रात्री समुद्र दिसावा म्हणून बाबांनी मोठा दिवा लावला आहे. बाबा, पालकसभेला आलात की तुम्ही हा लेख वाचाल. दिवा काढा असं मी म्हणत नाही. फक्त त्याचं तोंड अंगणाकडे करा, आणि कासवं येतात त्या दिवसांत पाहुणे जेवले की बंद करा. शिडी मी धरीन.

सर्वांत चांगली पुळण कुठली, याचं मामाचं उत्तर काश. माझं उत्तर मी पुढच्या वर्षी, आपल्या पुळणीवरची पिल्लं पाण्यात गेलेली पाहून लिहीन.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी